कॉम्प्रेसरमधला रोटेटिंग स्टॉल: एकाच सेन्सरवर भरवसा का ठेवू नये

माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. छोट्या ॲक्शिअल कॉम्प्रेसरच्या रिगवर, म्हणजे चाचणीसाठी उभारलेल्या यंत्रावर, केसिंगला एक वेगवान प्रेशर सेन्सर बसवला होता. रोटर मिनिटाला 6000 फेरे, म्हणजे सेकंदाला 100. मागचा थ्रॉटल हळूहळू आवळत गेले, डेटा घेतला, त्याचा फूरिये वर्णपट काढला, आणि 50 हर्ट्झवर एक टोकदार पीक उभं राहिलं (पीक म्हणजे आलेखातलं, शेतातलं नव्हे). पुस्तकात वाचलं होतं की रोटेटिंग स्टॉलचा सेल रोटरच्या साधारण निम्म्या वेगानं फिरतो. शंभराचं निम्मं पन्नास. मी हरखून गेले. आलेख रंगीत छापून गाइडकडे नेला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि एकच विचारलं, "वेग बदलून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. त्याचं पुढं काय झालं ते शेवटी सांगते. आधी रोटेटिंग स्टॉल म्हणजे नेमकं काय ते समजून घेऊ, कारण ते नीट कळलं असतं तर मी तो आलेख छापलाच नसता.

आमच्याकडे हिंगोली जिल्ह्यात, साखऱ्याला, मे महिन्यात दुपारी कूलरशिवाय बसवत नाही. खिडकीत कूलर, त्याच्या तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, आत पंखा. दार उघडं असलं की कूलर सरळ एका सुरात चालतो. कुणीतरी "गार हवा बाहेर चालली" म्हणून दार लावून घेतं आणि आवाज बदलतो. थोडा जड होतो, थरथरल्यासारखा. बोअरच्या पाण्याचे क्षार जाळ्यांवर साचले की असंच होतं. पंख्याला वीज मिळतेय, तो फिरतोय, पण हवेची वाट अडलीय. नुसत्या आवाजावरून तिथं रोटेटिंग स्टॉल आहे असं सिद्ध होत नाही. पण परिस्थिती तीच आहे: पात्यांचा वेग तोच, त्यातून जाणारी हवा मात्र कमी. जेट इंजिनातला ॲक्शिअल कॉम्प्रेसर म्हणजे असे बरेच पंखे एकामागे एक, मध्ये स्थिर पात्यांच्या रांगा, आणि सगळ्यांवर घट्ट केसिंग.

हवा कमी झाल्यानं पात्याचं काय बिघडतं? पात्यावर बसून बघा. पातं आडवं धावतंय, समजा सेकंदाला 100 मीटरनं. हवा समोरून अक्षाच्या दिशेनं येतेय, सेकंदाला 60 मीटरनं. पात्यावर बसलेल्याला हवा तिरकी येताना दिसेल, अक्षापासून साधारण 59 अंशांवर. आता थ्रॉटल आवळला आणि हवेचा वेग 45 झाला. पात्याचा वेग तोच. कोन झाला सुमारे 66 अंश. म्हणजे प्रवाह पाव हिश्शानं घटला आणि हवा सात अंशांनी जास्त तिरकी झाली. कॉम्प्रेसरच्या पात्याला सात अंश म्हणजे खूप. विमानाचं नाक फार वर उचललं की पंखावरून हवा सुटते, तशी ती पात्याच्या पाठीवरून सुटते. यालाच स्टॉल म्हणतात.

कॉम्प्रेसर यात विशेष नाजूक असतो, कारण तिथं हवा सारखी चढावर असते. पुढं दाब जास्त, मागं कमी, आणि पाती तिला वर ढकलत असतात. भिंतीलगतची हवा आधीच दमलेली असते, थोडं निमित्त झालं की ती मागं फिरते. टर्बाइनमध्ये उलट, हवा उतारावरून जाते. हा फरक किती मोठा आहे ते बघायचं असेल तर बंगळुरूच्या जीटीआरईनं घडवलेलं कावेरी इंजिन घ्या. त्यात पंख्याचे 3 टप्पे आणि उच्च दाबाच्या कॉम्प्रेसरचे 6, असे 9 टप्पे हवा चढवतात. त्या नऊंना फिरवायला टर्बाइनचे 2 टप्पे पुरतात.

इथपर्यंत ठीक आहे. थ्रॉटल आवळला, कोन वाढला, पाती स्टॉल झाली. मग सगळीच पाती एकदम का होत नाहीत? सगळी सारखी घडवलेली, सगळ्यांवर सारखीच हवा. आणि हा स्टॉल फिरतो कशासाठी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की सगळी पाती सारखी कधीच नसतात. एखादं पातं केसभर वाकडं, एखाद्याच्या टोकाशी फट जास्त, येणारी हवाही कुठं जरा मंद. काठावर उभं असताना एवढं पुरतं. समजा एका पात्यावर हवा सुटली. त्याच्या शेजारची वाट अर्धी बुजली. त्या वाटेनं जाणारी हवा आता दोन्ही बाजूंना वळते. खरी मेख इथं आहे. रोटर ज्या दिशेनं धावतोय त्या दिशेच्या, म्हणजे पुढच्या शेजाऱ्याकडे वळलेली हवा त्याचा कोन कमी करते, त्याला आराम मिळतो. मागच्या शेजाऱ्याकडे वळलेली हवा मात्र त्याचा कोन वाढवते. तो आधीच काठावर होता, तोही स्टॉल होतो. तो झाला की वळलेल्या हवेमुळं पहिल्या पात्याला आराम मिळतो, तिथली हवा पुन्हा चिकटते. मग तिसरं, मग चौथं. स्टॉल एका पात्याकडून दुसऱ्याकडे सरकत राहतो, रोटरच्या उलट दिशेनं. हे स्पष्टीकरण 1955 साली एमन्स, पिअर्सन आणि ग्रँट यांनी मांडलं आणि आजही पहिल्या तासाला हेच शिकवतात.

उलट दिशेनं सरकतो, पण कुणाच्या नजरेत? पात्यावर बसलेल्याच्या. बाहेर केसिंगवर बसलेल्याला तो रोटरच्याच दिशेनं फिरताना दिसतो, फक्त हळू. इथं माझ्यासकट बहुतेकांचा घोळ होतो. मला ते उमगलं ते औंढा नागनाथला. महाशिवरात्रीला देवळाभोवती प्रदक्षिणेची गर्दी असते. सगळे एकाच दिशेनं चाललेले. कुणाची तरी चप्पलांची पिशवी पडते, तो वाकतो, मागचे थांबतात, गाठ तयार होते. तो माणूस उठून चालू लागतो, पण गाठ संपत नाही, ती मागच्यांकडे सरकते. चालणाऱ्याच्या दृष्टीनं गाठ मागं जाते. पण सगळी गर्दीच पुढं सरकत असेल, तर दाराशी उभ्या असलेल्या पोलिसाला ती गाठही सावकाश पुढं येताना दिसू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गाठीत तीच माणसं नसतात. प्रत्येक जण तिच्यात शिरतो, अडकतो, बाहेर पडतो.

त्या गाठीला आपण स्टॉल सेल म्हणतो. उपमा इथंच सोडून देऊ, कारण हवा माणसांसारखी धक्काबुक्की करत नाही. पण शेवटचा मुद्दा धरून ठेवा: सेल कुठल्याही एका पात्याचा नसतो. तो सगळ्या रांगेनं मिळून तयार केलेला आकार आहे. "कुठलं पातं स्टॉल झालंय?" हा प्रश्नच चुकीचा. थोड्या वेळात सगळी होतात आणि सगळी बरी होतात.

याची किंमत पात्यांना मोजावी लागते. रोटर सेकंदाला 50 फेरे करतोय आणि एकच सेल रोटरच्या 40 टक्के वेगानं, म्हणजे सेकंदाला 20 फेरे करतोय असं समजा. पातं त्या सेलमधून सेकंदाला 50 वजा 20, म्हणजे 30 वेळा जातं. तीस वेळा त्याच्यावरचा भार जातो आणि परत येतो. दहा मिनिटांत 18,000 वेळा. पात्याची स्वतःची कंपनसंख्या या 30 च्या किंवा तिच्या पटींच्या जवळ असेल तर पातं थकून तुटू शकतं. पुढचं तुटकं पातं मागच्या सगळ्या टप्प्यांतून जाणार. त्यामुळं रोटेटिंग स्टॉल "नुसता आवाज" नव्हे.

सगळ्यात वाईट म्हणजे तो लागला की सहज सुटत नाही. थ्रॉटल ज्या ठिकाणी असताना स्टॉल लागला, तिथंच परत नेला तर सुटेल असं वाटतं. तसं होत नाही. तो पुष्कळ जास्त उघडावा लागतो, तेव्हा कुठं सेल विरतो. जाण्याचा रस्ता एक आणि येण्याचा दुसरा, याला हिस्टेरेसिस म्हणतात. जेट इंजिनात तर कधी कधी थ्रॉटल मागं घेऊनही सुटका होत नाही. हवा कमी, इंधन चालूच, टर्बाइन तापत जाते, वेग वाढत नाही, आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्यावाचून पायलटकडे उपाय उरत नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या एफ-15 विमानांच्या एफ-100 इंजिनांना या त्रासानं बेजार केलं होतं.

विमानांचंच कशाला, आपल्या घरी येणाऱ्या विजेतही हा प्रश्न आहे. उरणला महाजनकोचं वायू विद्युत केंद्र आहे, 672 मेगावॅटचं. गुहागर तालुक्यात अंजनवेलला दाभोळचा मोठा वायू प्रकल्प आहे. अशा केंद्रांतल्या मोठ्या गॅस टर्बाइन ग्रिडच्या 50 हर्ट्झशी बांधलेल्या असतात, मिनिटाला 3000 फेऱ्यांवर. त्या वेगावर त्यांचा कॉम्प्रेसर निवांत असतो. खरी परीक्षा शून्यापासून तीन हजारांपर्यंत जाताना.

असं का, हे थोडं सावकाश बघू, कारण मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. समजा कॉम्प्रेसर पूर्ण वेगावर दाब 15 पट करतो. हवा तापतेही, म्हणून घनता 15 पट होत नाही, साधारण साडेसहा पट होते. म्हणजे तीच हवा शेवटी साडेसहा पट कमी जागेत मावते. म्हणून डिझाइनर मागचा मार्ग अरुंद करतो, मागची पाती बोटाएवढी असतात. आता सुरुवातीचा क्षण घ्या. वेग कमी, दाब जेमतेम वाढलाय, हवा दबलेलीच नाही. ती फुगीर हवा त्या अरुंद मार्गातून कशी जाणार? मागचे टप्पे तुंबतात. मागं तुंबलं की पुढच्या टप्प्यांना कुणीतरी थ्रॉटल आवळल्यासारखं होतं. पुढची पाती स्टॉल. थ्रॉटल कुणीही आवळलेला नसताना.

उपाय दोन, आणि दोन्ही साधे. मधल्या टप्प्यांवर ब्लीड व्हॉल्व्ह उघडे ठेवून काही हवा बाहेर सोडायची. कष्टानं दाबलेली हवा फेकून देणं वेडेपणा वाटतो, पण त्यामुळं पुढच्या टप्प्यांतून हवा वाहती राहते. दुसरा, सर्वांत पुढची दिशादर्शक पाती मिटलेली ठेवायची, म्हणजे हवा रोटरच्याच दिशेला थोडी वळून येते आणि कोन आटोक्यात राहतो. वेग आला की पाती उघडतात, व्हॉल्व्ह बंद होतात. त्यातला एखादा व्हॉल्व्ह वेळेवर उघडलाच नाही तर काय होईल, हे आता तुम्हीच सांगू शकता.

सर्ज आणि रोटेटिंग स्टॉल यांत गल्लत करू नका. वर्तमानपत्रात दोन्हींना "इंजिन स्टॉल" म्हणतात. रोटेटिंग स्टॉलमध्ये एकूण हवा जवळपास ठरावीक राहते, ती परिघावर असमान वाटली जाते इतकंच. सर्जमध्ये सगळी हवाच पुढं-मागं हेलकावते, कधी कधी उलटी वाहते, तोफेसारखा आवाज होतो, पुढून ज्वाळा दिसतात. एकच कॉम्प्रेसर कधी एक करतो, कधी दुसरं. का, ते ग्राइटझरनी 1976 मध्ये दाखवलं. कॉम्प्रेसरच्या मागं हवेची जी कोठी असते ती स्प्रिंगसारखी वागते आणि मार्गातली हवा त्या स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी. त्यांनी एक आकडा दिला, बी. पात्याचा वेग भागिले ध्वनीच्या वेगाची दुप्पट, गुणिले एक वर्गमूळ. वर्गमूळाच्या आत कोठीचं आकारमान भागिले मार्गाचं क्षेत्रफळ आणि लांबी यांचा गुणाकार.

करून बघा. पात्याचा वेग 100, ध्वनीचा 340, मार्गाचं क्षेत्रफळ 0.1 चौरस मीटर, लांबी 1 मीटर, कोठी 1 घनमीटर. बी येतो सुमारे 0.46. कोठी 4 घनमीटर केली की 0.93. ग्राइटझरच्या कॉम्प्रेसरसाठी सीमा होती साधारण 0.8. त्याच्या वर सर्ज, खाली रोटेटिंग स्टॉल. म्हणजे माझ्या हिशेबातल्या कॉम्प्रेसरचं एकही पातं न बदलता, नुसती मागची टाकी बदलून त्याचं वागणं बदललं. 0.8 हा आकडा वेद म्हणून वापरू नका, तो यंत्रागणिक बदलतो. पण रिग बांधण्याआधी हा हिशेब कराच. दुसऱ्याच्या निकालाशी आपले निकाल का जुळत नाहीत याचं उत्तर कितीदा तरी त्या टाकीत असतं.

आता मुख्य प्रश्न: स्टॉल सुरू कसा होतो? पूर्ण वाढलेला सेल ओळखणं अवघड नाही. तो जन्मतो कसा यावर पंचाहत्तर वर्षं काम चालू आहे.

1986 मध्ये मूर आणि ग्राइटझर यांनी एक मॉडेल मांडलं. सीएफडीला हात लावण्याआधी ते वाचा, असं मी प्रत्येकाला सांगते. त्यात कॉम्प्रेसर म्हणजे एक पातळ चकती, स्वतंत्र पातं एकही नाही. तरी ते सांगतं की अक्षीय वेगात परिघभर पसरलेली एक हलकी लाट असते, ती फिरते, आणि कॉम्प्रेसरचा दाब-प्रवाह आलेख माथ्यावर पोचला की ती वाढू लागते. ही लाट पुढं प्रयोगांत दिसलीही. तिला मोड म्हणतात. ती सावकाश वाढते, स्टॉलच्या आधी कित्येक फेरे दिसते. लोकांना वाटलं, झालं, आता लाट ओळखायची आणि वाढण्याआधीच मोडायची. 1989 मध्ये एपस्टाइन, फ्योक्स विल्यम्स आणि ग्राइटझर यांनी तसा प्रस्तावच मांडला.

मग केंब्रिजच्या आयव्हर डे यांनी 1993 मध्ये दुसरी वाट दाखवली. काही कॉम्प्रेसरमध्ये लाट वगैरे काही नाही. पात्याच्या टोकाशी, दोन-तीन पात्यांच्या रुंदीची एक छोटी गडबड अचानक उगवते, रोटरच्या साधारण 70 टक्के वेगानं पळते, आणि मोजक्या फेऱ्यांत मोठा सेल होऊन बसते. तिला स्पाइक म्हणतात. मूर-ग्राइटझर मॉडेलमध्ये पातीच नाहीत, त्यामुळं त्यात स्पाइक दिसणं शक्यच नव्हतं. मला या इतिहासातली ही जागा सर्वांत आवडते: मॉडेल चुकलेलं नव्हतं, पण जे त्यानं आधीच वगळलं होतं तेच नेमकं दारातून आत आलं. 1998 मध्ये कँप आणि डे यांनी दोन्ही वाटांचा मेळ घातला. आलेखाचा माथा आधी आला तर मोड, टोकाजवळच्या पात्याचा सोसण्याचा कोन आधी ओलांडला गेला तर स्पाइक. शर्यतच आहे, कोण आधी पोचतं त्याची.

वेळेचा हिशेब करा. 3000 फेऱ्यांवर एक फेरा म्हणजे 20 मिलिसेकंद. स्पाइक उगवून पाच फेऱ्यांत स्टॉल झाला तर हातात एक दशांश सेकंद. तेवढ्यात सेन्सरनं ओळखायचं, संगणकानं ठरवायचं, व्हॉल्व्हनं हलायचं. म्हणूनच उत्पादक आजही मुख्यतः अंतर राखूनच चालतात. स्टॉलच्या रेषेपासून दूर राहायचं, त्यासाठी थोडा दाब आणि थोडी कार्यक्षमता सोडून द्यायची. आडवा वारा, गिळलेला पक्षी, पात्यांवर बसलेला समुद्राचा खार, झिजून वाढलेली टोकाची फट, हे सगळे त्या अंतरातूनच खातात. संशोधनाला पैसा मिळतो तो या अंतरासाठी. ते जेवढं निर्धास्तपणे कमी करता येईल तेवढं इंधन वाचतं.

याच प्रश्नावरचं काम आपल्या पवईतही झालंय. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागात प्रा. ए. एम. प्रदीप यांच्या गटानं उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन रोटरांचा पंखा अभ्यासला. मध्ये स्थिर पाती नाहीत. पहिला रोटर एका दिशेनं, दुसरा विरुद्ध. मिस्त्री आणि प्रदीप यांना आढळलं की दुसरा रोटर जास्त वेगानं फिरवला की तो पहिल्यातून हवा ओढून घेतो, पहिल्याचा प्रवाह सुधारतो आणि स्टॉलपासूनचं अंतर वाढतं. मला हे फार मोहक वाटतं, कारण पहिल्या रोटरचं दुखणं दुसऱ्यानं कमी केलं.

त्याच मालिकेत 2015 मध्ये टोगे आणि प्रदीप यांनी विचारलं: अशा जोडीत स्टॉल जन्मतो कुठून? त्यांच्या रोटरांची टोकाची फट पात्याच्या लांबीच्या सुमारे 3 टक्के होती. पातं 100 मिलिमीटरचं धरलं तर 3 मिलिमीटर. कॉम्प्रेसरच्या जगात ही ऐसपैस फट. त्यांनी केसिंगच्या भिंतीवर वेगवान सेन्सर लावले आणि डेटावर वेव्हलेट पद्धत वापरली.

वेव्हलेटच का, हे समजून घ्या. फूरिये वर्णपट सांगतो की अख्ख्या नोंदीत कोणत्या कंपनसंख्या होत्या. कधी होत्या ते सांगत नाही. दहा सेकंदांच्या नोंदीत दशांश सेकंदाची स्पाइक म्हणजे लग्नाच्या पंगतीच्या खर्चात मिठाचा खर्च शोधण्यासारखं. वेव्हलेट वेळ आणि कंपनसंख्या दोन्ही एकत्र दाखवते, अमुक क्षणी अमुक लांबीची गडबड उगवली, असं. त्यांना दिसलं की दोन्ही रोटरांत स्टॉलची सुरुवात मुख्यतः लांब पल्ल्याच्या गडबडीतून, म्हणजे मोडच्या वाटेनं होते. पण पहिल्या रोटरमध्ये अधूनमधून, कधी त्याच वेळी, आखूड गडबडीही दिसतात. आणि पहिल्या रोटरच्या मोडची कंपनसंख्या रोटरच्या 25 ते 80 टक्क्यांच्या पट्ट्यात पसरलेली होती.

25 ते 80. तो पट्टा पुन्हा बघा आणि माझा 50 हर्ट्झचा रंगीत आलेख आठवा. "सेल निम्म्या वेगानं फिरतो" या एका वाक्यावर मी विसंबले होते. एवढ्या रुंद पट्ट्यात कोणतंही पीक कुठंतरी बसतंच.

तर झालं असं. गाइडनी सांगितल्याप्रमाणे वेग 6000 वरून 4800 केला. खरा स्टॉल सेल असता तर पीक 50 वरून 40 च्या आसपास यायला हवं होतं. ते 50 वरच. थ्रॉटल पूर्ण उघडला, स्टॉलचा प्रश्नच नाही, तरी 50 वरच. मोटर बंद केली. 50 वरच. भिंतीतली वीज होती ती. सेन्सरच्या केबलचं अर्थिंग नीट नव्हतं. दोन महिने मी महावितरणचा पुरवठा मोजत होते.

हे टाळण्याचे मार्ग अवघड नाहीत. वेग बदलणं हा पहिला. दुसरा, परिघावर एकापेक्षा जास्त सेन्सर. 90 अंशांवर दोन सेन्सर असतील आणि एकच सेल फिरत असेल, तर दुसऱ्यावरचा संकेत पहिल्यापेक्षा 90 अंशांनी मागं असेल. दोन सेल असतील तर 180. भिंतीतली वीज दोन्हींवर एकाच क्षणी, फरक शून्य. सर्जचा हेलकावाही शून्य. पण सावध, चार सेल असतील तर फरक 360, म्हणजे पुन्हा शून्यच, आणि पाच सेल एकासारखे दिसतील. म्हणून सेन्सर सारख्या अंतरावर लावू नयेत, आणि शक्य असेल तर आठ-दहा लावावेत. एका सेन्सरवर 40 हर्ट्झ दिसलं तर तो 40 फेऱ्यांचा एक सेल आहे की 20 फेऱ्यांचे दोन, हे जगातली कोणतीही गणिती पद्धत सांगू शकत नाही. माहिती तिथं नाहीच.

तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो. एक सेन्सर केसिंगवर, एक स्ट्रेन गेज फिरत्या पात्यावर. मघाचंच उदाहरण: एकच सेल असेल तर केसिंगवर 20, पात्यावर 30, बेरीज 50, म्हणजे रोटरचा वेग. दोन सेल असतील तर 40 आणि 60, बेरीज 100, रोटरच्या दुप्पट. बेरजेला रोटरच्या वेगानं भागा, सेलची संख्या हातात. पात्यावरून संकेत बाहेर आणायला स्लिप रिंग किंवा टेलिमेट्री लागते आणि ती महाग असते, म्हणून बहुतेक लॅबमध्ये हे होत नाही.

वाचायला सुरुवात करायची असेल तर प्रा. भास्कर रॉय आणि प्रा. प्रदीप यांचा टर्बोमशिनरी एरोडायनॅमिक्सचा एनपीटीईएलवरचा अभ्यासक्रम मोफत आहे, गावाकडच्या मोबाइलवरही बघता येतो. मी त्यातले अर्धे तास साखऱ्याला गच्चीवर बसून बघितले, रेंज तिथंच येते.

केबल बदलली, अर्थिंग केलं, आठ सेन्सर लावले. स्टॉल मिळाला तो चार महिन्यांनी. तो 50 वर नव्हता, आणि वेग बदलला की तोही सरकत होता.

एक गणित देऊन थांबते. रोटर मिनिटाला 2400 फेरे. केसिंगवरच्या सेन्सरला 32 हर्ट्झ दिसतंय, पात्यावरच्या स्ट्रेन गेजला 48. सेल किती, आणि ते रोटरच्या किती टक्के वेगानं फिरताहेत?